गाईनं खाल्लेला कडबा नेमका किती पचतो? आणि ते मोजतात कसं?

फेब्रुवारी-मार्च आला की अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या पट्ट्यात शाळूची काढणी सुरू होते. कणसं खळ्यावर जातात, ताटं पेंढ्यांत बांधली जातात आणि मग एकच चौकशी सुरू होते. यंदा कडबा शेकडा कितीला?

शेकडा म्हणजे शंभर पेंढ्या. पेंढी केवढी, किती सुकलेली, पाला किती राहिलाय, यावर घासाघीस होते. सौदा ठरतो, ट्रॅक्टर भरतो, गोठ्यामागे गंजी लागते. पुढचे सहा-आठ महिने जनावरांचं पोट या गंजीवर. मैंदर्गी कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं, कमी पावसाच्या पट्ट्यातलं गाव. हिरवा चारा इथे वर्षभर पुरत नाही. त्यामुळे ज्वारी पेरायची ती भाकरीसाठी आणि तितकीच कडब्यासाठी, हे इथल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

पण या सगळ्या सौद्यात एक आकडा कधीच निघत नाही. गाईनं खाल्लेल्या कडब्यातला किती भाग तिच्या अंगी लागतो? उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो. साधारण निम्मा. उरलेला निम्मा शेणावाटे बाहेर.

या आकड्याला म्हणतात पचनीयता. शंभर किलो कोरडा चारा पोटात गेला आणि त्यातला पन्नास किलो शेणात सापडला नाही, तर पचनीयता ५० टक्के. ज्वारीच्या कडब्यासाठी हा आकडा सर्वसाधारणपणे ४५ ते ५५ च्या दरम्यान फिरतो. दहा टक्क्यांचाच तर फरक, असं वाटेल. पण याच दहा टक्क्यांत दुधाचा हिशेब दडलेला असतो.

गाय कडबा पचवतच नाही!

हो, बरोबर वाचलंत. कडब्याचा मोठा भाग असतो सेल्युलोज. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती जी भिंत असते, ती यानं बांधलेली असते. गंमत म्हणजे सेल्युलोज आणि भाकरीतला स्टार्च, दोन्ही ग्लुकोज साखरेच्याच माळा. फरक फक्त मणी कसे ओवलेत याचा. स्टार्चची माळ आपल्या पोटातली पाचकं सहज तोडतात. सेल्युलोजची गाठ वेगळी आहे. ती तोडणारं पाचक माणसाकडे नाही आणि गाईकडेही नाही.

मग गाय जगते कशी? तिनं हे काम बाहेरच्यांना दिलंय. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर लिटरपेक्षा मोठं असतं. पाण्याच्या टाकीएवढं हे भांडं सतत ३९ अंशांच्या आसपास गरम राहतं. आत हवा नाही, उजेड नाही. तिथल्या एका मिलीलिटर द्रवात अब्जावधी जिवाणू, शिवाय बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव.

कडबा खातात हे सूक्ष्मजीव. ते सेल्युलोज तोडतात, त्यातली ऊर्जा स्वतः वापरतात आणि टाकाऊ म्हणून काही आम्लं सोडतात. त्यातलं एक आम्ल तर व्हिनेगरमध्ये असतं तेच. ही आम्लं कोटीपोटाच्या अस्तरातून थेट गाईच्या रक्तात जातात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग इथूनच येतो. पुढे हेच सूक्ष्मजीव वाहत पुढच्या कप्प्यांत जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. तिची प्रथिनं मुख्यतः तिथून. थोडक्यात, शेतकरी गव्हाणीत कडबा टाकतो तो जिवाणूंसाठी. गाय खाते जिवाणूंचा माल आणि शेवटी जिवाणूंनाही.

दुपारी झाडाखाली बसून गाय रवंथ करते ते याच कामासाठी. चारा पुन्हा तोंडात आणायचा, दळायचा, लाळेत घोळायचा आणि परत आत. कडबा जितका बारीक, तितकी जिवाणूंना चिकटायला जागा जास्त. दिवसभरात गाय शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते. ही लाळ आतली आम्लता ताब्यात ठेवते, नाहीतर जिवाणू आपल्याच आम्लात मरतील.

मग सगळाच कडबा का नाही पचत? कारण लिग्निन. ताट जसजसं पिकतं तसतसं ते उभं राहण्यासाठी आपल्या भिंतीत हा चिवट पदार्थ भरत जातं. बांधकामात विटांमध्ये सिमेंट भरावं तसं. जिवाणूंना विटा फोडता येतात, हे सिमेंट नाही. हवा नसलेल्या कोटीपोटात लिग्निन जवळपास जसंच्या तसं राहतं आणि आजूबाजूच्या सेल्युलोजलाही झाकून ठेवतं. म्हणून कोवळी हिरवी ज्वारी जास्त पचते, वाळलेला कडबा कमी. त्यातही पाला जास्त पचतो आणि बुडख्याकडचं जाड ताट सगळ्यात कमी. गाय पाला आधी ओरबाडून खाते आणि बुडखे गव्हाणीत सोडते. तिला प्रयोगशाळेची गरज नाही.

आता मोजायचं कसं?

पद्धत ऐकायला बाळबोध आहे. आत किती गेलं ते तोला, बाहेर किती आलं ते तोला, वजाबाकी करा. चाऱ्याच्या पृथक्करणाची आणि अशा प्रयोगांची पद्धतशीर घडी जर्मनीतल्या वेंडे इथे १८६० च्या दशकात बसली आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

प्रत्यक्षात मात्र हे कष्टाचं काम. आधी दोन-तीन आठवडे जनावराला तोच एक चारा द्यायचा, म्हणजे पोटातला जुना माल निघून जातो आणि जिवाणूंची घडी बसते. मग साधारण आठवडाभर खाल्लेला प्रत्येक किलो आणि पडलेलं प्रत्येक शेण गोळा करायचं. गव्हाणीत उरलेले बुडखेही तोलायचे, कारण ते पोटात गेलेच नाहीत. शेण जमिनीवर पडून माती लागू नये म्हणून जनावराच्या मागे पिशवी बांधतात.

सगळ्यात मोठा घोटाळा पाण्याचा. समजा गाईनं दिवसाला ६ किलो कोरडा कडबा खाल्ला आणि १५ किलो शेण टाकलं. खाल्ल्यापेक्षा बाहेर जास्त आलं? नाही. त्या शेणात ८० टक्के पाणी आहे. ते भट्टीत वाळवलं की उरतं ३ किलो. सहातून तीन गेले, पचले तीन. पचनीयता ५० टक्के. म्हणून हा सगळा हिशेब कोरड्या वजनावर, म्हणजे शुष्क पदार्थावरच करतात.

यातही एक बारीक अडचण आहे. शेणात फक्त न पचलेला चारा नसतो. मेलेले जिवाणू असतात, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी असतात. त्या चाऱ्याच्या नाहीत, तरी वजनात धरल्या जातात. त्यामुळे अशी मोजलेली पचनीयता खऱ्या पचनापेक्षा थोडी कमीच दिसते. शास्त्रज्ञ तिला 'दिसणारी' पचनीयता म्हणतात, ती याचसाठी.

पण चरायला सोडलेल्या गाईचं काय? ती किती खाते आणि कुठे शेण टाकते, कोण मोजणार? इथे एक सुंदर युक्ती कामाला येते. चाऱ्यात असं काहीतरी शोधायचं जे अजिबात पचत नाही, शोषलंही जात नाही. त्याला मार्कर म्हणतात. ज्वारीच्या ताटापाल्यात वाळूचा भाऊ असलेली सिलिका असते. चारा जाळून राख केली आणि ती आम्लात उकळली, तरी मुख्यतः ही सिलिका उरते. आता कडब्यात ती ३ टक्के होती आणि शेणात ६ टक्के निघाली, असं समजा. सिलिका तर वाढलेली नाही. म्हणजे तिच्याभोवतीचा माल निम्मा झाला. पचनीयता पुन्हा ५० टक्के! ना सगळा चारा तोलायचा, ना सगळं शेण. दोन्हीचे चांगले नमुने पुरतात. दूध किती आटलं ते बासुंदीतल्या वेलदोड्यांच्या दाटीवरून ओळखावं, तसंच काहीसं.

फक्त नमुन्याला माती लागता कामा नये. सोलापूरच्या काळ्या मातीचा एक लपका शेणाला चिकटला, तर राखेतली सिलिका वाढते आणि चारा उगाचच जास्त पचल्यासारखा दिसतो. म्हणून नमुना जमिनीवरून न उचलता बऱ्याचदा थेट जनावराच्या गुदद्वारातून घेतात.

तिसरा रस्ता प्रयोगशाळेचा. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या टिली आणि टेरी यांनी कोटीपोटच काचेच्या नळीत आणलं. जनावराच्या कोटीपोटातला द्रव काढायचा, त्यात चाऱ्याची पूड ४८ तास ठेवायची, मग आम्ल आणि पेप्सिन टाकून आणखी ४८ तास. शेवटी जे उरेल ते न पचलेलं. जर्मनीत १९७९ मध्ये मेंके आणि सहकाऱ्यांनी याहून सोपी गोष्ट मोजली. जिवाणू चारा खातात तेव्हा वायू निघतो. काचेच्या सिरिंजमध्ये थोडीशी पूड आणि कोटीपोटातला द्रव भरायचा, २४ तासांत दट्ट्या किती वर सरकला ते वाचायचं. वायू जास्त, तर पचन जास्त. आणखी एक पद्धत आहे ती पाहून पाहुणे दचकतात. गाईच्या कुशीवर शस्त्रक्रियेनं झाकणाचं भोक ठेवतात, त्यातून चाऱ्यानं भरलेल्या नायलॉनच्या छोट्या पिशव्या थेट कोटीपोटात सोडतात आणि ठरलेल्या तासांनी काढून तोलतात.

समुद्रातही हाच पेच

मैंदर्गीपासून सुमारे तीनशे किलोमीटर पश्चिमेला कोकणचा किनारा. मालवणच्या खडकांत प्रवाळ आहेत आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे मोठं प्रवाळ क्षेत्र आहे. जगभरच्या अशा प्रवाळ खडकांवर शेवाळ खाऊन जगणारे मासे असतात. ते शेवाळ खातात म्हणून प्रवाळाला श्वास घ्यायला जागा मिळते. खडकावरच्या या गुराख्याविना चरणाऱ्या कळपापुढेही गाईचाच प्रश्न असतो, पेशीची भिंत फोडायची कशी? फरक एवढाच की शेवाळाला उभं राहायचं नसतं, पाणी त्याला तोलून धरतं. त्यामुळे त्यात कडब्यासारखं लिग्निन भरलेलं नसतं.

माशांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं काढलीत. पोपटमाशाला पोटाची पिशवीच नाही. चोचीसारख्या दातांनी तो खडक खरवडतो आणि घशातल्या दुसऱ्या दातांच्या जात्यात सगळं पीठ करतो. भिंत पचवायची नाही, फोडून आतला माल घ्यायचा. न्यूझीलंडच्या केंडल क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं की बरेच पोपटमासे मुळात शेवाळासाठी नाही, तर खडकावरच्या आणि खडकातल्या सूक्ष्मजीवांसाठी खरवडतात. म्हणजे तेही गाईच्याच वाटेवर!

कायफोसस नावाचे मासे तपकिरी शेवाळ खातात आणि आतड्याच्या मागच्या भागात जिवाणूंकडून ते आंबवून घेतात. गाईची टाकी पुढे, यांची मागे. सर्जनफिश जातीच्या काही माशांच्या आतड्यात तर एपुलोपिसियम नावाचा जिवाणू राहतो. तो अर्ध्या मिलीमीटरपेक्षा लांब होऊ शकतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतो. १९८५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या माशांत तो सापडला, तेव्हा एवढा मोठा जीव जिवाणू असेल यावर विश्वासच बसेना. तो जिवाणूच आहे हे १९९३ मध्ये सिद्ध झालं.

आता माशाची पचनीयता मोजायची म्हटली तर पिशवी बांधणार कुठे? विष्ठा पाण्यात पडते आणि तिच्यातले पदार्थ लगेच विरघळायला लागतात. गोळा होईपर्यंत अर्धा पुरावा गायब, आणि चारा उगाचच जास्त पचल्यासारखा दिसतो. म्हणून मत्स्यशेतीतल्या प्रयोगांत खाद्यात क्रोमिक ऑक्साईडची हिरवी पूड मार्कर म्हणून मिसळतात आणि विष्ठा शक्य तितक्या लवकर उचलतात. खुल्या समुद्रातल्या माशाच्या बाबतीत आतड्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा माल काढून तुलना करतात. तिथेही मार्करचं गणित तेच. पण साधी राख धरून चालत नाही, कारण समुद्री मासा सतत खारं पाणी पितो आणि राखेतले क्षार वाटेत आत-बाहेर होतात. त्यात पोपटमासा वाळूच गिळतो. म्हणजे मैंदर्गीच्या गोठ्यात जी अडचण मातीची, तीच खडकावर वाळूची.

पाच टक्क्यांची किंमत

परत कडब्याकडे येऊ. दोन गंज्या आहेत. एकीतल्या कडब्याची पचनीयता ४७ टक्के, दुसरीतल्याची ५२. एका गाईनं रोज ६ किलो कोरडा कडबा खाल्ला तर पहिल्या गंजीतून तिला २.८२ किलो मिळतं, दुसरीतून ३.१२ किलो. रोजचा फरक ३०० ग्रॅम. सहा महिन्यांत ५४ किलो. एवढा पचणारा माल मिळवायला चांगला कडबासुद्धा एका जनावरामागे क्विंटलभर जास्त लागेल. वर आणखी एक मार. कमी पचणारा चारा कोटीपोटात जास्त वेळ तुंबून राहतो. पोट भरलेलं असतं, त्यामुळे गाय खातेही कमी.

४७ आणि ५२ हे आकडे हवेतून घेतलेले नाहीत. साधारण वीस वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या मायकेल ब्लूमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हैदराबादच्या चारा बाजारात विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कडब्याचे नमुने तपासले. कमी प्रतीचा ४७ टक्के पचणारा, उत्तम प्रतीचा ५२. आणि दोघांच्या दरात सुमारे २५ टक्क्यांचा फरक! व्यापाऱ्यांकडे ना सिरिंज होती ना नायलॉनची पिशवी. ते बघत होते पाला, ताटाची जाडी, मऊपणा, गोडवा. त्यांच्या बोटांना जे कळत होतं तेच प्रयोगशाळेत निघालं.

शाळूच्या कडब्याला खरीप संकरित ज्वारीच्या कडब्यापेक्षा मान का, याचं उत्तरही इथेच आहे. 'मालदांडी' म्हणजे एम ३५-१ हे वाण सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलं गेलं. आज जवळपास नव्वद वर्षांनीही ते टिकून आहे, त्यात भाकरीइतकाच कडब्याचा हात आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खरिपाच्या जाड ताटाच्या कडब्यावर बऱ्याचदा काढणीच्या वेळीच पाऊस पडतो आणि तो काळा पडतो. वाण तयार करताना नुसते धान्याचे क्विंटल न बघता कडब्याची पचनीयताही बघावी, हा विचार नंतर हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या ज्वारी संशोधनात शिरला. तिथे आता नमुन्यावर जवळचे अवरक्त किरण टाकून काही मिनिटांत पचनीयतेचा अंदाज काढतात. गंजीच्या सौद्यात मात्र अजून शेकडाच चालतो.

मग हातात काय आहे?

एक समज आधी बाजूला ठेवायला हवा. कुट्टी केली की कडबा जास्त पचतो, असं सर्रास म्हटलं जातं. कुट्टीचा फायदा नक्की आहे, पण तो मुख्यतः वाया जाणारे बुडखे वाचण्याचा. ताटातलं लिग्निन कोयत्यानं कमी होत नाही. उलट कुट्टी फारच बारीक केली तर चारा कोटीपोटातून लवकर पुढे सरकतो, रवंथ कमी होतं आणि जिवाणूंना पुरता वेळ मिळत नाही.

खरा फरक पडतो जिवाणूंच्या जेवणानं. कडब्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास. जिवाणूंना नीट काम करायला आहारात सुमारे ७ टक्के तरी लागतात. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या जनावराच्या पोटात कामगारच उपाशी असतात. तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या या पट्ट्यात तुरीची चुनी, हरभऱ्याचा भुसा, थोडी सरकी पेंड हे उपाय घराजवळचे आहेत. पण म्हणून भरड्याची पाटीच समोर ठेवणं उलट अंगावर येतं. धान्य झपाट्यानं आंबतं, कोटीपोट आंबट होतं आणि कडबा पचवणारे जिवाणू आधी गळपटतात.

दुसरा उपाय युरिया प्रक्रियेचा. १०० किलो कडबा कुट्टीसाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडतात, दाबून प्लास्टिकखाली हवाबंद करतात आणि तीन आठवडे हात लावत नाहीत. आत युरियाचा अमोनिया होतो, तो लिग्निनची पकड सैल करतो आणि जिवाणूंना नायट्रोजनही देतो. पचनीयता काही टक्क्यांनी वाढते, म्हणजे वर बघितलेल्या दोन गंज्यांमधला फरक भरून निघू शकतो. पण इथे प्रमाण चुकलं तर जनावर दगावतं. ढेकळं राहिलेला किंवा घाईघाईत वरून भुरभुरलेला युरिया म्हणजे विषच. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा द्यायचा नाही, उघडल्यावर अमोनियाचा वास उडेपर्यंत थांबायचं आणि पहिल्यांदा करताना गावच्या पशुवैद्यकाला सोबत घ्यायचं.

आणि एक उपाय बिनखर्चाचा. काढणीनंतरचा अवकाळी पाऊस कडब्यातली विरघळणारी साखर धुऊन नेतो. जे सगळ्यात सहज पचतं तेच आधी वाहून जातं, मागे उरतं ते लिग्निन आणि त्यावर बुरशी. म्हणून मार्चमध्ये आभाळ भरून आलं की पेंढ्या शेतात पसरलेल्या ठेवायच्या नाहीत, गंजी उंचवट्यावर लावायची आणि शेंडा नीट शाकारायचा. शेकड्यात तेव्हाही शंभरच पेंढ्या मोजल्या जातील, भिजलेल्या असोत की कोरड्या.